वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रायफलीत अडकलेली गोळी

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या, रायफलीत अडकलेली गोळी कशी काढायची, असे विचारणारी पत्रे आली आहेत. प्रत्येकाची बंदूक वेगळी आणि गोळी अडकण्याची जागाही वेगळी, म्हणून उत्तरे स्वतंत्र दिली आहेत. सुरुवात मात्र सगळ्यांची एकच. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. टोपी (घोड्याच्या ठोक्याने फुटून दारू पेटवणारी), प्रायमर (आधुनिक रायफलीत तेच काम करणारा) किंवा रंजक (चकमकीच्या बंदुकीच्या वाटीतली बारीक दारू) काढून टाका. आजूबाजूला आग, ठिणगी, सिगारेट काही नको. काम संपेपर्यंत चेहरा, छाती किंवा तळहात नळीच्या तोंडासमोर आणू नका. गोळीमागे दारू आहे की नाही याची शंका असेल, तर ती आहे असेच धरून चाला. टोपी फुटली पण बार झाला नाही, अशी स्थिती असेल तर आधी किमान १ मिनिट, शक्यतो २ मिनिटे, नळी निशाणाकडेच धरून थांबा. आत दारू धुमसत असेल तर बार उशिराने होतो.

प्रश्न : .५० बोअरची टोपीची रायफल आहे. ७० ग्रेन काळी दारू घातली, पण कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली गोळी ठासताना निम्म्यात अडकली. आता खालीही जात नाही आणि वरही येत नाही. सोबतचे म्हणतात, टोपी लाव आणि उडवून टाक. चालेल का?

उत्तर : नाही. या बाबतीत थोडीही सूट नाही. गोळी दारूवर टेकलेली असते तेव्हा दारू पेटू लागताच ती सरकते आणि वायूला जागा मिळत जाते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर वायू त्या पोकळीत वेग घेतो आणि जागच्या जागी बसलेल्या गोळीवर आदळतो. त्या ठिकाणी दाब क्षणभर कितीतरी पटींनी चढतो. नळीवर तिथे फुगीर कडे उमटते किंवा नळी फाटते. फाटण्याची जागा पुढचा हात जिथे असतो, तिथेही येऊ शकते. दारू कमी घातली होती म्हणून हा धोका टळत नाही.

करायचे ते असे. घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवा, टोपी काढा, मग टोपी जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी, म्हणजे निपल, पान्याने काढा. निपल काढण्याचे दोन फायदे आहेत. चुकून घोडा पडला तरी काही पेटणार नाही, आणि गोळी खाली सरकताना तिच्याखाली कोंडलेली हवा बाहेर पडेल. गोळी ठासायचा लाकडी गज बाजूला ठेवा. त्याच्याऐवजी पोलादी किंवा पितळी गज घ्या, टोकाला गोळीच्या आकाराचा पितळी जॅग लावा आणि नळीच्या तोंडाशी गज मध्यावर धरणारे बूच बसवा. गज तोंडापासून १५-२० सें.मी.वर पकडून सलग दाब द्या. गोळी सरकू लागली तर ती दारूवर टेकेपर्यंत न्या, गजावरच्या खुणेने खात्री करा, निपल लावा आणि नेहमीसारखा बार करा. ही सगळ्यांत साधी सुटका आहे.

गोळी सरकत नसेल तर हातोडा मारत बसू नका. आता खाली नेण्याचा नाद सोडून दारू निकामी करायला घ्या. निपलच्या छिद्रातून सिरिंजने १० मिली पाणी आत सोडा, ५ मिनिटांनी आणखी १० मिली सोडा, आणि किमान अर्धा तास थांबा. काळ्या दारूत वजनाने सुमारे ७५ टक्के सोरा असतो आणि तो पाण्यात विरघळतो, म्हणून इथे पाणीच हवे. तेलाने सोरा विरघळत नाही. तेल ओतले म्हणजे दारू मेली, या समजावर भरवसा ठेवू नका. पाणी पोचले तरी दारूचा मधला भाग कोरडा राहू शकतो, तेव्हा दारू बाहेर पडेपर्यंत ती जिवंतच समजायची. यानंतर गोळी कार्बन डायऑक्साइडने, ग्रीसने किंवा स्क्रूने काढा. या तिन्ही पद्धती पुढच्या उत्तरांत आहेत.

प्रश्न : गोळी पूर्ण तळाशी गेली आहे, पण दारू घातली होती की नाही हे आठवत नाही. बाहेरून कसे ओळखावे?

उत्तर : गजावरून. रिकाम्या नळीत गज तळाला टेकवून तोंडाच्या कडेशी एक खूण करून ठेवायची असते, आणि नेहमीच्या भरणीवर टेकवून दुसरी. ती नसेल तर आता मोजमाप करा. गज आत सोडा, तोंडाशी चिमटीत धरा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून शेजारी धरून पाहा, टोक कुठे येते.

.५० बोअरच्या सरळ नळीत नुसती चिंधी आणि गोळी सुमारे १.३ सें.मी. जागा घेते. ७० ग्रेन, म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम दारू तिच्याखाली असेल तर तिचा थर अंदाजे साडेतीन सें.मी.चा होतो, आणि गज रिकाम्या खुणेपेक्षा जवळपास ५ सें.मी. वर थांबतो. फरक डोळ्याला सहज दिसतो. काही नळ्यांच्या तळाला दारूसाठी अरुंद कोठी असते. तिथे काही दारू कोठीतच मावते आणि हा हिशेब कमी-जास्त होतो, म्हणून अशा रायफलीत आकड्यांपेक्षा स्वतःच्या खुणांवर विसंबा.

प्रश्न : दारू न घालताच गोळी ठासली गेली. टोपीची रायफल आहे. गोळी तळाला टेकलेली आहे. स्क्रू लावण्याआधी दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि आमच्या मते तोच आधी करावा. समोरून ओढण्यापेक्षा मागून ढकलणे नेहमीच सोपे जाते. समोरून ओढताना स्क्रू शिसे फाकवतो आणि गोळी नळीला आणखी घट्ट धरते. मागून दाब आला की चिंधीसकट गोळी सरळ सरकते.

पहिली पद्धत चिमूटभर दारूची. निपल काढा. त्या छिद्रातून बारीक दाण्याची काळी दारू, ३एफ किंवा ४एफ (आकडा मोठा तसा दाणा बारीक), सुमारे ३ ते ५ ग्रेन (०.२ ते ०.३ ग्रॅम) आत सोडा. दारूच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट ओतू नका. लागेल तेवढीच कागदावर वेगळी काढा आणि डबा झाकण लावून दूर ठेवा. छिद्राशी दारू अडते, तेव्हा नळीच्या बाजूला बोटाने टिचक्या मारा किंवा पितळी तारेने दाणे आत लोटा. काळ्या दारूऐवजी मिळणारे पर्याय इथे नकोत, ते पेटायला अधिक उष्णता मागतात. बिनधुराची दारू तर ठासणीच्या बंदुकीजवळसुद्धा येता कामा नये.

दारू आत गेल्यावर निपल लावा आणि बाहेर सांडलेले दाणे पुसा. गज घालून गोळी पुन्हा तळाशी दाबा, खूण पाहा आणि गज बाहेर काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग गज गोळीच्या पुढे उडतो. नंतर नळी मातीच्या बंधाऱ्याकडे धरून टोपी लावा आणि चाप ओढा. आवाज फुसका येतो, पण निघालेली गोळी गोळीच असते. पुढे कोण उभे आहे याची काळजी पूर्ण बाराइतकीच घ्यायची.

कधी कधी गोळी हात-दीड हात पुढे सरकून थांबते. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा दारू घालायची नाही. तसे केले तर पहिल्या प्रश्नातली पोकळी आपणच तयार केली असे होते. थांबा, निपल काढा, गोळी गजाने परत तळाशी बसवा आणि मग पुन्हा ३ ते ५ ग्रेन. दोन-तीन प्रयत्नांत न निघाल्यास मात्रा वाढवत नेऊ नका, पद्धत बदला.

दुसरी पद्धत कार्बन डायऑक्साइडची. यासाठी हातात मावणारे अवजार मिळते. त्यात १२ ग्रॅमचे छोटे सिलिंडर बसते आणि टोकाचा रबरी तुकडा निपलवर किंवा चकमकीच्या बंदुकीच्या कानावर (नळीच्या बाजूचे, आग आत नेणारे छिद्र) घट्ट दाबायचा असतो. १२ ग्रॅम वायू मोकळा झाला तर साधारण साडेसहा लिटर भरतो, त्यामुळे नळी रिकामी करायला तो पुरून उरतो. हा वायू जळत नाही, म्हणून मागे दारू असतानाही ही पद्धत वापरता येते, फक्त टोपी लावलेली नसावी. दारूही गोळीबरोबर बाहेर उडते, म्हणून आग जवळ नको हे पुन्हा सांगतो. नळीच्या तोंडापुढे चिंध्या भरलेले खोके ठेवा. गोळी माणसाला जखमी करील एवढ्या वेगाने येते. नळीत गज नसल्याची खात्री करा. सिलिंडर एकदम गारठते, हातमोजे घाला. गोळी निघाली तरी काही दाणे तळाशी चिकटून राहतात. ते ओल्या चिंधीने पुसून काढल्याशिवाय नवी भरणी करू नका.

प्रश्न : चकमकीच्या रायफलीला निपल नसते. तिथे हेच कसे करायचे?

उत्तर : वाट कानातून. आधी वाटीतले रंजक झटकून पुसा. चकमकीसमोरचा पोलादी पडदा उघडा ठेवला तरी घोडा पडून ठिणगी उडू शकते, म्हणून सरळ चकमकच जबड्यातून काढून ठेवा आणि चाप ओढायच्या वेळीच परत लावा. कानाचे छिद्र साधारण १.६ मि.मी.चे असते, त्यामुळे ४एफ दारूच आत जाते. बंदूक आडवी, कान वर करून धरा, छिद्रावर चिमूट ठेवा आणि बारीक तारेने दाणे एकेक करून लोटत राहा. कानाला आट्यांचा सुटा तुकडा बसवलेला असेल तर तो काढून काम दहापट सोपे होते. परत लावताना आट्यांना उष्णतेत न अडकणारे ग्रीस पुसा. कार्बन डायऑक्साइडचे अवजार कानावर लावताना वायू कडेने निसटतो. तुकडा काटकोनात आणि जोराने दाबला तरच काम होते.

प्रश्न : गोळी ओढायचा स्क्रू लावला. दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी धरला, पण ओढताना गजाचा जोड सुटला आणि स्क्रू आतच राहिला. निमुळती, लांब शिशाची गोळी आहे. आता काय?

उत्तर : आधी जोड का सुटला ते पाहू. स्क्रूचे आटे उजवे, गजाच्या जोडांचे आटेही उजवे. पुढे फिरवताना दोन्ही घट्ट होतात. ओढताना गज सैलावून डावीकडे फिरला की शिशातला स्क्रू जागेवर राहतो आणि जोड उकलतो. गज आता परत आत घाला, जोडाचे आटे चाचपडत जुळवा आणि उजवीकडे फिरवून घट्ट करा. नळीचे तोंड बूच लावून मध्यावर धरलेले असले तर जुळते.

लांब गोळीला स्क्रू दोन कारणांनी दगा देतो. नळीशी तिचा स्पर्श गोल गोळीपेक्षा कितीतरी लांबीभर असतो, आणि टोक निमुळते असल्याने स्क्रू घसरून कडेला जातो. कडेला गेलेला स्क्रू नळीच्या आतल्या पेचांवर, म्हणजे पिळदार खाचांवर, ओरखडे काढतो. म्हणून स्क्रूमागे बोअरच्या मापाची पितळी चकती हवीच. आधी बारीक टोकाने मध्यावर खड्डा पाडा, मग बारीक स्क्रू ६-७ फेरे आत न्या. जाड स्क्रू शिसे फुगवतो. ओढण्यापूर्वी तोंडातून ५ मिली साबणपाणी सोडा आणि २० मिनिटे थांबा. जळलेल्या दारूची पुटे पाण्याने सुटतात, खनिज तेलाने त्यांचे डांबर होते.

लाकडी गजाने ओढू नका. त्याचे टोक नुसते चिकटवलेले असते आणि ते निघून येते. धातूच्या गजालाही टोक आडव्या पिनेने बांधलेले असावे. नळी दस्त्यातून सुटी होत असेल तर सोडवून, चामडे गुंडाळून शिकंजात धरा, गजाला आडवी मूठ लावा आणि बाजूला उभे राहून ओढा. गोळी सुटते तेव्हा एकदम सुटते, तेव्हा तोल सांभाळा.

स्क्रूने पाडलेले भोक आता रुंद झाले असेल तर पुन्हा पुन्हा उकरू नका. ग्रीसकडे वळा. निपलच्या जागी ग्रीस भरायचा निपल बसतो, तो यंत्रांवर असतो तसाच. आटे मात्र तपासा. पुष्कळ रायफलींच्या निपलचे आटे पाव इंच, इंचाला २८ असे असतात आणि त्या मापाचा ग्रीस निपल सर्रास मिळतो. मेट्रिक आट्यांच्या, म्हणजे ६ मि.मी.च्या, रायफलीही असतात. पाव इंचाचा तुकडा त्यात पिळून घातला तर निपलची बैठकच खराब होईल. हाताने ३-४ फेरे सहज बसला तरच पुढे जा.

मागे दारू असेल तर ती आधी पाण्याने भिजवलेली हवी. मग ग्रीस गन लावून सावकाश भरत जा. .५० बोअरला गोळीच्या मागच्या बाजूवर १.२७ चौ. सें.मी. क्षेत्र मिळते. ग्रीसचा दाब ७० किलो प्रति चौ. सें.मी. झाला तर गोळीवर जवळपास ९० किलोचा जोर येतो, आणि साधी ग्रीस गन एवढा दाब सहज देते. गोळी इंच-इंच करत तोंडाशी येते. ग्रीस आकुंचन पावत नाही, त्यामुळे गोळी उडत नाही, तोंडातून अलगद बाहेर पडते. ८० सें.मी. नळीला सुमारे १०० मिली ग्रीस लागते. काम घाणेरडे आहे. नंतर नळी गरम साबणपाण्याने दोन-तीनदा धुवा, निपलचा मार्ग तारेने मोकळा करा, कोरडी करून तेल लावा. पण हट्टी गोळीला आम्हाला यापेक्षा भरवशाचा उपाय ठाऊक नाही. गोळी तोंडाशी आल्यावर स्क्रूची मान दिसेल, तो पकडीने धरा आणि गोळी काढल्यावरच सोडवा.

प्रश्न : मागचा ब्रीच प्लग (नळीचे मागचे तोंड बंद करणारे आट्यांचे बूच) सुटा होणारी आधुनिक रायफल आहे. प्लॅस्टिकच्या खोळीतली तांब्याची गोळी अडकली आहे.

उत्तर : तुमचे काम सोपे आहे. प्रायमर काढा, उत्पादकाने दिलेल्या पान्याने ब्रीच प्लग काढा, दारू किंवा गोळ्यांच्या रूपातली दारू मागून पाण्याच्या भांड्यात ओता. मग गोळी जिकडे जवळ असेल तिकडे गजाने ढकला. बहुतेक वेळा मागची बाजूच जवळ असते. तांब्यात स्क्रू शिरत नाही, तो प्रयत्न करू नका. प्लग बार उडवून-उडवून जाम झाला असेल तर आट्यांत भेदक तेल घालून रात्रभर ठेवा. पाइप लावून पान्याचा दांडा लांबवू नका. जुन्या घडणीच्या रायफलीत ब्रीच प्लग कायमचा बसवलेला असतो. तो कारागिराने काढायचा, घरी नाही.

प्रश्न : एकाने निम्म्यात अडकलेल्या गोळीसकट बार केला. गोळी निघून गेली, नळी वरून ठीक दिसते. वापरावी का?

उत्तर : तपासल्याशिवाय नको. स्वच्छ नळीत जॅगवर घट्ट बसणारी, किंचित तेल लावलेली चिंधी तोंडापासून तळापर्यंत एकसारख्या वेगाने न्या. मध्येच एका जागी गज सैल पडला आणि लगेच पुन्हा घट्ट झाला, तर तिथे कडे पडले आहे. तळाकडून उजेड टाकून पाहिले तर तिथे गडद वलय दिसते. बाहेरून नळीवर पोलादी पट्टी टेकवून फट शोधा. यातली एकही खूण आढळली तर नळी बाद. तिथे धातू ताणला गेला आहे, तो पुन्हा तेवढाच दाब सोसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न : पहिले दोन-तीन बार सुरळीत होतात, नंतर गोळी ठासताना जीव जातो. दोष चिंधीचा की नळीचा?

उत्तर : बहुधा पुटांचा. काळ्या दारूच्या निम्म्याहून अधिक वजनाची राख-पुटे उरतात, ती वायू होत नाहीत. त्यातली बरीचशी नळीतच बसतात. कोरड्या, गरम हवेत पुटे कडक होतात आणि दमट हवेत मऊ राहतात, म्हणून तीच भरणी एका दिवशी चालते आणि दुसऱ्या दिवशी अडते.

दर बारानंतर थुंकीने किंवा साबणपाण्याने ओलसर केलेली एक चिंधी फिरवा, लगेच एक कोरडी. ओलसर म्हणजे पिळून घेतलेली, टपकणारी नव्हे, नाहीतर पुढची दारू भिजेल. जॅग नळीत घट्ट बसणारा असेल तर तो पुटे तळाशी लोटून ठिणगीची वाट बंद करतो. पुसायला एक माप बारीक जॅग ठेवा, म्हणजे जाताना तो पुटांवरून सरकेल आणि येताना ती घेऊन येईल.

मग मापे पाहा. १२.७० मि.मी. बोअरला १२.४५ मि.मी.ची गोळी आणि ०.३८ मि.मी. जाडीची सुती चिंधी ही चांगली सुरुवात आहे. तीच चिंधी ०.५० मि.मी.ची घेतली तर व्यासात पाव मि.मी.ची भर पडते, आणि पुटांच्या नळीत तेवढ्याने गोळी अडते. जाडी अंदाजाने धरू नका, कापड दाबून मापकाने मोजा. चिंधी शुद्ध सुती किंवा तागाची हवी, कृत्रिम धागा वितळून नळीला चिकटतो. गोळी ठासताना मध्ये थांबू नका. जिथे थांबाल तिथे चिंधी पुटांत रुतते. आणि नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय असे तळहाताला जाणवले, की गोळी तोंडापासून बोटभर खाली असतानाच स्क्रूने परत काढा. तिथून ती दोन मिनिटांत निघते.

प्रश्न : स्क्रूने गोळी निघाली, चिंधी आतच राहिली.

उत्तर : त्यासाठी गजाला लावायचा दोन वळलेल्या दातांचा आकडा मिळतो. तो तळाला टेकवून दोन-तीन फेरे उजवीकडे फिरवा आणि फिरवत-फिरवतच वर घ्या. चिंधीखाली दारू असेल तर तीही बाहेर येईल, ती पाण्यात टाका. नंतर निपल किंवा कान मोकळा आहे ना ते तारेने पाहा, नळी पुसून कोरडी करा. पुढच्या भरणीआधी नळीचे तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून रिकाम्या नळीवर एक टोपी फोडा. पान हलले तर वाट मोकळी. शिसे हाताळले आहे, तेव्हा हात धुवा.